बिनबोलावण्याचं लग्न

मंगल कार्यालयाच्या दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या पोरीनं मला विचारलं, "आजी, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

साधाच प्रश्न. भाच्याच्या मुलीचं लग्न, पत्रिका पिशवीत, आहेर पिशवीत, गावाहून मुद्दाम आलेली मी. तरी उत्तर जिभेवर येईना. हा प्रश्न मी याच गावात फार पूर्वी ऐकला होता, आणि त्याचं उत्तरही ऐकलं होतं. पोरगी वाट पाहून हसली, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळली. मी आत गेले, नवरीच्या आईला तोंड दाखवलं, आणि मुहूर्ताला वेळ आहे असं कळल्यावर मागच्या दारानं गुपचूप बाहेर पडले. रिक्षावाल्याला म्हटलं, "तळ्यावर ने बाबा. सिद्धेश्वराच्या."

आता पायऱ्यांवर बसले आहे. दगड तापलेले आहेत, पण पाण्याकडून येणारा वारा गार. वास मात्र तोच. शेवाळ, ओला दगड, कुजलेला बेल आणि कुठूनतरी कापूर. नाकाला आठवणी राहतात म्हणतात ते खरं असावं. डोळ्यांना इथलं निम्मंअधिक ओळखू येत नाही. नाकानं मात्र पायरीवर टेकल्या टेकल्या मला कोकणी म्हणून हाक मारली.

या गावात आले तेव्हा मला चौदावं सरलं होतं. शाळा चौथीतच सुटली. त्या चौथीच्या पुस्तकात एक नकाशा होता. त्यात सोलापूर म्हणजे एक ठिपका, आणि कडेनं सगळं निळं. लग्न ठरलं, नवरा सोलापुरात गिरणीत फिटरच्या हाताखाली आहे असं कळलं, तेव्हा मी मनात तो नकाशा उघडला. म्हटलं, ठिपक्याला लागून नसेल, पण थोडं चाललं की निळं लागतच असेल. समुद्र नसलेलं गाव असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे रात्री डोळे मिटले की समुद्रच पांघरूण घालायचा.

पहिल्या पहाटे भोंगा झाला. लांब, घोगरा, पोटातून आलेला. मी ताडकन उठले. आमच्या बंदरात आगबोट लागली की असाच भोंगा होतो आणि सारं गाव धावत सुटतं. मी अंधारात चाचपडत लुगडं, फणी, आईनं दिलेली कुंकवाची डबी गोळा केली आणि गाठोडं बांधलं. "अहो, उठा. बोट आली."

हे उठून धोतर नेसतच होते. हसले नाहीत. लग्नानंतर मला पहिल्यांदा बरं वाटलं ते या न हसण्यानं. म्हणाले, "ती गिरणी आहे. ती कुठं नेत नाही गं. मलाच बोलावते."

आणि गेले. मी गाठोडं मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिले. पुढचे कित्येक दिवस तेच. भोंगा झाला की मी उठायची, दाराकडे धावायची आणि परत येऊन बसायची.

सुटीच्या दिवशी ह्यांनी विचारलं, "काय बघायचंय तुला?" मी म्हटलं, "समुद्र." हे डोकं खाजवत विचारात पडले. मग मला या तळ्यावर घेऊन आले. मोठ्या मानानं, जणू स्वतः खणलं असल्यासारखं, हात लांबवून म्हणाले, "बघ." पाणी खूप होतं. मध्ये देऊळ होतं. वाऱ्यानं बारीक लाटा उठत होत्या. मी शेवटच्या पायरीवर उतरले, बोट बुडवलं आणि चाखलं.

गोड.

तिथंच पायरीवर बसून मी जी रडायला लागले ती घरी येईपर्यंत. रस्त्यातली माणसं ह्यांच्याकडे संशयानं बघायला लागली. बिचारे मान खाली घालून चालत होते.

आमच्या शेजारच्या खोलीत गौराक्का राहायची. अक्कलकोटकडची, अंगानं थोराड, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज असा की अंगणात बोलली तर गल्लीत भाकरी परतल्या जाव्यात. दिवसभर रहाटावर बसून विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि रहाट थांबवल्याशिवायच सगळ्या जगाची विचारपूस करायची. मला तिनं नावानं कधी हाक मारली नाही.

"ए कोकणी, रडतीस का? मारला का त्यानं?"

"नाही हो."

"मग मार त्याला तू. कायतरी व्हऊ दे. नुसतं रडून कोन करमत आसतंय व्हय?"

पण मला करमेना. जोंधळ्याची भाकरी घशाखाली उतरेना. पाण्याला चव नाही, हवेला ओल नाही, रात्रीला आवाज नाही. शेवटी दिवाळीला आमच्या गावचा एक माणूस परत निघाला होता, त्याच्याबरोबर ह्यांनी निरोप धाडला, हिला इथलं मानवत नाही, संक्रांतीला येऊन घेऊन जावं. मला स्वतःच येऊन सांगितलं. आवाजात राग नव्हता. वाटेत कुणाचा तरी हात सुटावा तसा आवाज होता. मी मात्र त्या रात्री पोटभर जेवले. खरं ते सांगते.

जेवण झाल्यावर हे म्हणाले, "जायचंच आहे तर गाव बघून तरी जा. तिकडे विचारतील, काय पाहिलंस, तर काय सांगशील? रडले?"

गौराक्कानं भिंतीपलीकडून ऐकलंच होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बघ की. लई बघन्यासारखं हाय हितं. आन् बघायला काय लागतंय? डोळ्याला जकात न्हाय."

ते वाक्य मी पुढं आयुष्यभर वापरलं. नाक्यावर गुळाच्या ढेपेला जकात पडते, तुपाच्या डब्याला पडते. पण डोळ्यांत भरून किती न्यावं, त्याला कोण अडवतो?

मग आम्ही सोलापूर बघायला लागलो. किल्ल्याच्या तटाला धरून चालायचो. दगडांच्या फटींतून सरडे माना काढून आम्हाला बघायचे, आम्ही त्यांना. हुरड्याच्या दिवसांत गावाबाहेरून भाजक्या कणसांचा धूर आत यायचा, तो आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून छातीभर ओढायचो. बाजारात दुधनीकडच्या गाड्या सुटलेल्या असायच्या. बैलांच्या गळ्यांतले घुंगुर, तुरीच्या पोत्यांचा कोरडा वास, आणि व्यापारी बोलताना अर्ध्या वाक्यात कानडीतून मराठीत उडी मारायचे, वहाळावरून पोरं उडी मारतात तशी. मी ऐकत राहायची. उडी नेमकी कुठं घेतात ते बघायचं होतं मला.

पण माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे मागल्या अंगाची साळ्यांची आळी. तिथं सगळे तेलुगू बोलणारे. गल्लीभर बांबू आडवे टाकलेले आणि त्यांवर रंगवलेलं सूत वाळत घातलेलं. त्याखालून वाकून जाताना लाल थेंब डोक्यावर पडायचे, हिरवे पदरावर. गटारसुद्धा एके दिवशी जांभळं, एके दिवशी पिवळं. खळीचा आंबूस वास, आणि प्रत्येक घरातून खटक-खट, खटक-खट. पहिल्या दिवशी मी तो आवाज ऐकून थबकले. लाट येते, फुटते, परत जाते. तशीच चाल. मी एका दाराशी उभी राहिले ती राहिलेच. आतल्या बाईनं मला पाहिलं, जमिनीवर हात थापटला आणि म्हणाली, "रा, कूर्चो." शब्द नवा होता, पण हाताची भाषा कळली. मी बसले. तिचा नवरा मागावर लुगडं विणत होता. काठावर आंबा निघत होता. आधी देठ, मग पोट, मग वाकडं टोक. एक आंबा पुरा व्हायला किती वेळ लागतो ते मला बघायचं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी गेले. मग पुढचा आंबा कसा निघतो ते बघायला तिसऱ्या दिवशी.

कधी आम्ही स्टेशनाकडे जायचो. आत नाही. बाहेरच्या कठड्याशी उभं राहायचं आणि माणसांचं सामान बघून माणूस ओळखायचा, हा आमचा खेळ. वळकटी छोटी असेल तर चार दिवसांचा पाहुणा. पिंजऱ्यातला पोपट बरोबर असेल तर घरात मागे कुणी नाही. एकदा एक कुटुंब जातं घेऊन निघालं होतं. दोघांनी दोरानं उचललेलं, घामाघूम. हे म्हणाले, "ही काही परत येत नाहीत. जातं हललं म्हणजे घर हललं." थोड्या वेळानं म्हणाले, "तू जाताना काय नेशील?"

मी मालगाडीचे डबे बघत राहिले.

आणि तो तंबूतला सिनेमा! दुपारी ताशा वाजवत, रंगीत फळी मिरवत एक गाडी गल्लीतून जायची. फळीवर तलवार घेतलेली बाई. संध्याकाळी आम्ही तंबूच्या मागं एका दगडावर जाऊन बसायचो. आतला सिनेमा मुका, आणि आम्ही तो बाहेरून ऐकायचो! आत पेटी-तबलेवाले बसलेले असत, त्यांच्यावरून ओळखायचं. तबला धावला की घोडा. पेटी रडली की आई. एकदा सगळंच अचानक बंद पडलं. "बुडाली ती," मी म्हटलं, "विहिरीत उडी घेतली बघा तिनं." हे म्हणाले, "बुडाली कसली? यंत्रावरची फीत बदलत असतील." आम्ही भांडलो. चांगले भांडलो. खेळ सुटल्यावर ह्यांनी बाहेर येणाऱ्या एकाला गाठून विचारलं, "ती तलवारवाली शेवटी गेली का हो?" तो म्हणाला, "जातीय कुटं? तिनंच समद्यांस्नी घालवलं की."

घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो. चाळीच्या दाराशी मला एकदम कळलं की आज मी गाव आठवलंच नव्हतं. आणि त्याच क्षणी भीती वाटली. संक्रांत जवळ आली होती.

कशाकशाची म्हणून भीती नव्हती मला! माहेरी जायचं नाही म्हणणारी मुलगी आमच्या गावानं कधी ऐकली नव्हती. बायका काय म्हणतील? बाबा घाट चढून, गाड्या बदलत येणार, त्यांना रिकामं कसं पाठवायचं? आणि सगळ्यांत मोठी भीती ह्यांची. निरोप ह्यांनीच धाडला होता. मी राहते म्हटलं आणि ह्यांच्या चेहऱ्यावर नकोसं काही दिसलं तर? मी वाट बघायची की हे म्हणतील, नको जाऊ. पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं की हेही तशीच वाट बघत होते.

भोगीच्या आदल्या दिवशी बाबा आले. काळा कोट धुळीनं तांबडा झालेला, काखेत वळकटी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नारळ. अंगणात उभे राहून मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काय गो, बरां आसस मा?" त्यांचा तो 'गो' कानावर पडला आणि क्षणभर वाटलं, जावं, आत्ताच जावं.

"ह्यो नारळ आपल्या खळ्यातल्या माडाचो," ते म्हणाले. "आवशीन दिल्यान. आणि ह्यो खण तुझ्या शेजारणीक. तिणा तुका सांभाळल्यान म्हणान."

हात-पाय धुऊन झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न काय? "हयसर पाणी खंय?" मी त्यांना तळ्यावर घेऊन आले. बाबा शेवटच्या पायरीवर उतरले, इकडं-तिकडं पाहिलं, कुणी बघत नाही असं वाटल्यावर बोट बुडवून चाखलं. "गोडां!" असे म्हणाले की जणू कुणी फसवलं होतं. मागं उभी राहून मी इतकी हसले की माझा पदर ढळला. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्या दिवशी गावात गर्दी मावत नव्हती. उंच उंच काठ्या फिरत होत्या, त्यांना सगळे नंदीध्वज म्हणत. सगळीकडे तेलाचा वास, भाजल्या तिळाचा वास. संध्याकाळी गौराक्का दारात आली. पहिल्यांदाच रहाटावाचून दिसली.

"उद्या लग्नाला या. काका, तुमीबी या. आमच्या सिद्रामाचं लगीन हाय."

सिद्राम हे नाव इथं दर दुसऱ्या घरात. बाबांनी अदबीनं विचारलं, "अक्षता कधी?"

"दुपारी, तळ्यापाशी. म्होरं जाऊन जागा धरते मी. समदं गाव येतंय."

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "मोठो माणूस दिसता." मलाही तसंच वाटलं. हे त्या वेळी गिरणीतच होते. आम्हाला शहाणं करायला घरात कुणी नव्हतं.

पाळी सुटून आल्यावर हे जेवायला बसले. भाकरीवर तिळकूट घेत म्हणाले, "तयारी झाली?"

"झाली."

"तेरवाच्या गाडीला टांगा सांगून ठेवतो."

"बरं."

एवढंच बोललो. तंबूमागच्या दगडावर घटकाच्या घटका बोलणारी आम्ही दोघं. हे सकाळी निघताना म्हणाले, "मी सुट्टी झाल्यावर परस्पर तिकडंच येतो." भोंगा झाला, हे गेले.

बाबांनी कोट झटकला, टोपी सारखी केली आणि दारात थबकले. "आहेर?"

"कसला?"

"लग्नाक रिकाम्या हातान जातत?"

खरंच की. आमच्याकडं शेजारणीच्या भाच्याचं लग्न असलं तरी खण-नारळ घेतल्याशिवाय मांडवात पाऊल टाकत नाहीत. मी आईचा नारळ घेतला, गौराक्कासाठी आणलेला खण त्यावर ठेवला. तिला मागाहून दुसरा देऊ म्हटलं. वरून लाल फडकं बांधलं. बाप पुढं, लेक मागं, आहेर छातीशी धरून आम्ही निघालो.

रस्त्यात माणसांचा पूर. सगळे पांढऱ्या बाराबंदीत, डोक्याला पागोटी. आहेर कुणाच्याच हातात नाही! बाबा अस्वस्थ झाले. एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "नवऱ्याकडची मंडळी खंयची, नवरीकडची खंयची?" म्हाताऱ्याला ते कळेना, मी सोप्या मराठीत सांगितलं.

"बाजू व्हय?" म्हातारा म्हणाला. "हितं एकच बाजू हाय बाई. समदी घरचीच."

"कुणाच्या घरची?"

"आगं, देवाच्या की!"

बाबा हळू आवाजात म्हणाले, "पियालेलो असात." आणि आम्ही पुढं गेलो.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. त्या काठ्या आल्या. ताडाएवढ्या. एकेकटा माणूस कमरेच्या पट्ट्यात काठी पेलून चालला होता. मान वर, दात आवळलेले, वरती शेंड्याशी गोंडे डुलताहेत. मी आमच्या डोलकाठ्या पाहिल्या आहेत. वाऱ्यानं झुकतात, पण खाली होडी असते त्यांना. इथं खाली नुसता माणूस. काठी कलली की सगळ्या गर्दीचा श्वास कलायचा. सावरली की "हर्र बोला हर्र" असा गजर उठायचा. बाबांचं तोंड उघडं राहिलं होतं. माझं तर असणारच.

गौराक्कानं कट्ट्याजवळ जागा धरली होती. आम्हाला ओढून बसवलं. मी आहेराचं फडकं सारखं करून विचारलं, "नवरी कुठाय?"

"कंची नवरी?"

"सिद्रामची. आहेर द्यायचाय."

गौराक्कानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग फडक्याकडं, मग बाबांच्या कोटाकडं. आणि ती हसायला लागली. हसता हसता पाठीमागच्या बाईच्या मांडीत पडली. "अय्यो, अय्यो! आहेर आनलाय गं ह्या कोकणीनं! सिद्धेश्वराला आहेर!" आसपासच्या बायकांमध्ये हसू पसरत गेलं. माझे कान तापले. बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मग डोळे पुसत तिनं सांगितलं. सिद्धरामेश्वर म्हणजे या गावाचा देव. तो जोगी. एका कुंभाराची पोर रोज त्याच्या अंगणात सडा घालायची. "ती म्हनली, लगीन करीन तर तुझ्याशीच. त्यो म्हनला, मी जोगी मानूस, मला न्हाय जमायचं. पर तुझं मन मोडवंना. माझ्या हातातल्या दंडाशी कर. केलं की तिनं. तवापास्नं दरसाल लागतंय लगीन. बोलावनं न्हाय, पत्रिका न्हाय. गावाचं गाव वऱ्हाड."

"दांड्याशी लग्न?" मी म्हटलं. "आणि ती कबूल झाली?"

"मग! तोंड उघडलं म्हनून येवढं तरी मिळालं. बाईनं तोंड उघडलं तर देवालाबी वाट काढावी लागती, कोकणी."

हे वाक्य तिनं सहज म्हटलं. मग माझ्या मुठीत अक्षता कोंबल्या. मी मात्र त्या अक्षता हातात घेऊन तशीच बसले.

वर कट्ट्यावर कुणीतरी म्हणायला लागलं. थोडं कानडीसारखं, थोडं संस्कृतसारखं, मला एकही शब्द कळला नाही. प्रत्येक ठेक्याला हजारो हात उठत आणि अक्षता उडत. ऊन होतं. उन्हात ते दाणे वर जाताना दिसायचे, क्षणभर थांबायचे आणि सगळ्यांवर पडायचे. नवऱ्यावर, नवरीवर असं काही नव्हतंच. सगळ्यांवर.

माझ्या लग्नात मी काही पाहिलं नव्हतं. अंतरपाटाखाली दिसणारा ह्यांच्या पायाचा अंगठा तेवढा पाहिला. मिलमध्ये काही पडून काळं पडलेलं त्याचं नख. मान वर करायची नाही असं आत्यानं बजावलं होतं. इथं मात्र मान खाली घाल म्हणणारं कुणी नव्हतं. मी डोळे भरून लग्न पाहिलं. आणि पाहता पाहता समोरून गर्दीतून वाट काढत हे येताना दिसले. सदऱ्याला तेलाचे डाग, बोटं काळी, डोक्यात, मिशीत, भुवयांवर अक्षता. आम्हाला शोधत होते. मी दिसले तेव्हा त्यांचा चेहरा जसा झाला, त्यात नकोसं काही नव्हतं. शोधूनही सापडलं नसतं.

शेवटचा गजर झाला. माणसं उठायला लागली. बाबा आहेराकडे बघत बसले होते. "आता ह्याचा काय?" ते म्हणाले. "आहेर म्हणान भायर काढलेलो परत घरात घेवचो नसता."

"मग काय तळ्यात टाकताय, काका?" गौराक्का म्हणाली.

मी म्हटलं, "बाबा."

"काय गो?"

"उद्या इथं होम असतो म्हणे."

"मगे?"

"आणि परवा संध्याकाळी शोभेचं दारूकाम. तळ्याच्या काठानं."

"परवा सकाळची गाडी आसा."

"त्या आळीत एक लुगडं चाललंय. आंब्याचा काठ अर्धा राहिलाय अजून."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. आदल्या दिवशी तळ्यावर पाहिलं होतं तसंच. "तुका येवचा नाय?"

माझ्या छातीत तो तंबूतला तबला धावत होता. घोडा, घोडा, घोडा. "नाही," मी म्हटलं. वाटलं सगळ्या गर्दीनं ऐकलं. कुणीच ऐकलं नव्हतं. फक्त बाबांनी, आणि ह्यांनी, आणि गौराक्कानं, जिच्यापासून काही लपत नसे.

बाबा ह्यांच्याकडे वळले. "तुमचा काय म्हणणा, जावयबापू?"

हे जमिनीकडे बघत पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. त्याच अंगठ्यानं. म्हणाले, "मी... टांगा सांगितलाच नाही अजून."

गौराक्कानं माझ्या हातातून ते लाल फडकं ओढून घेतलं. "इतकी शानी मानसं, आन् येक मानूस बोलंल तर शपथ! उभी ऱ्हा. पदर धर." तिथंच, त्या पांगणाऱ्या वऱ्हाडात, तिनं माझी ओटी भरली. मूठभर अक्षता, त्यावर खण, त्यावर आमच्या खळ्यातल्या माडाचा नारळ. हळद तिनं शेजारी बसलेल्या बाईच्या कपाळावरची घेतली. बायका पुन्हा हसल्या, पण हे हसू वेगळं होतं.

बाबांनी ओटीतल्या नारळावर हात ठेवला. म्हणाले, "झाली. पाठवणी झाली. दोनदा पाठवणी झालेल्या चेडवाक परत न्हेवचो माका अधिकार नाय." आणि कोटाच्या बाहीनं चेहरा पुसला. सोलापूरच्या धुळीनं बऱ्याच जणांचे डोळे चुरचुरत होते त्या दिवशी.

दारूकामासाठी मात्र ते राहिले. आकाशात फुलं फुटायची, खाली तळ्यात तीच उलटी फुटायची. "ह्या बघूक कायच पैसे घेणत नाय?" त्यांनी तीनतीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी एकटे गेले. पिशवीत शेंगाचटणी, तोंडात सिद्धेश्वराच्या लग्नाची गोष्ट. गावी त्यांनी ती कितीजणांना सांगितली असेल देव जाणे. आम्ही दोघं कठड्याशी उभे होतो. त्यांची वळकटी छोटी होती.

पुढच्या पहाटे भोंगा झाला. मी उठले. अंधारात चाचपडले, काडेपेटी सापडली, आणि चूल पेटवली.

भोंगे आता होत नाहीत. गौराक्काचा रहाट कुठं गेला ठाऊक नाही. ह्यांना जाऊनही खूप दिवस झाले, आणि मला हे गाव सोडूनही. त्या आळीतला आंब्याचा काठ मी पुरा होताना पाहिला. ते लुगडं कुणी नेसलं, कुठल्या गावी झिजलं, कोण सांगणार? एवढं सगळं या गावानं मला बघायला दिलं आणि बदल्यात काही मागितलं नाही. बोट बुडवून पाहिलं आत्ता. पाणी गोडच आहे.

उठायला हवं. मुहूर्त जवळ आला असेल. पिशवी उचलली तर जड लागली. हात घातला तर खण आणि नारळ तसेच आत. देणार होते, आणि तोंड दाखवून निघून आले! आहेर बाहेर काढलेला परत न्यायचा नसतो.

रिक्षावाला झाडाखाली उभा होता. "आता कुटं, आजी?"

"लग्नाला," मी म्हटलं. "आणि जरा लवकर ने बाबा. घरचंच आहे."